घरचा ग्रुप: क्लाउडक्रॉफ्टला राहायचं का जाऊन यायचं?

वहिनी: आई, बाबा, जुलैत याला दोन दिवस सुट्टी मिळतेय. आमच्या एल पासोत (टेक्सास) तेव्हा ऊन मी म्हणतं, इथं येऊन घरात बसून कंटाळाल. दोनेक तासांवर न्यू मेक्सिकोत क्लाउडक्रॉफ्ट म्हणून गाव आहे. तिथलं जुनं हॉटेल आहे, 'द लॉज'. एक रात्र राहू या? बुक करू का?

आई: थंड हवेचं ठिकाण ना गं? स्वेटर लागेल?

दादा: लागेल. कळसूबाई १६४६ मीटर, क्लाउडक्रॉफ्ट २६०० च्या वर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आणखी जवळजवळ हजार मीटर चढायचं.

आत्या: अगंबाई! आणि अण्णाच्या बीपीचं काय?

बाबा: बीपी गोळीत आहे. मी मघाशी नकाशा बघितला. तिथं रेल्वेलाइन होती असं दिसतंय. एवढ्या उंचावर गाडी कशाला नेली कुणी?

मी: झालं, बाबांचा बेत ठरला 😄

वहिनी: लाकडासाठी, बाबा. चार्ल्स आणि जॉन एडी हे दोघे भाऊ एल पासोहून उत्तरेकडे रेल्वे टाकत होते. सगळं वाळवंट. स्लीपरला लाकूड आणायचं कुठून? पूर्वेला सॅक्रामेंटो डोंगर, त्यावर डग्लस फर आणि पाइनचं जंगल. मग पायथ्याशी १८९८ मध्ये अलामोगोर्डो गाव वसवलं, लाकडाची गिरणी टाकली आणि डोंगरावर वेगळी लाइन चढवली. १९०० पर्यंत ती क्लाउडक्रॉफ्टला पोचली. आता खरी गंमत. सगळे सांगतात की आधी लाकूडतोड्यांचं गाव होतं, मग पर्यटन आलं. इथं तसं झालंच नाही. लॉज रेल्वेनंच बांधलं, तेही १८९९ मध्ये, लाइन पुरती व्हायच्या आत! गोल्फ कोर्सही तेव्हाचाच, साधारण नऊ हजार फुटांवर. लाकूड खाली आणायचं आणि एल पासोतली भाजून निघालेली माणसं वर न्यायची. वाघिणी रिकाम्या कशाला वर पाठवायच्या?

बाबा: वाघिणीत माणसं भरत नाहीत. डबे वेगळे, लाइन तीच. बाकी बरोबर. चढ किती?

दादा: पाच टक्क्यांच्या वर.

बाबा: म्हणजे वीसला एकपेक्षाही कडक, वीस फूट पुढं गेलं की फूटभर चढ. नेरळ-माथेरान वीसला एक आहे, पण ती दोन फुटी गाडी. ही?

दादा: स्टँडर्ड गेज, म्हणजे साधारण पावणेपाच फुटी.

बाबा: काय सांगतोस! भोर घाटात सदतीसला एक आहे तर मागून ढकलायला जादा इंजिन, बँकर, लावतो आपण. वाफेच्या इंजिनावर, लाकूड लादून, वीसला एक उतरायचं म्हणजे ब्रेकवाल्यांची कमाल आहे. पूल?

वहिनी: लाकडीच, पन्नासहून जास्त होते. मेक्सिकन कॅन्यनवरचा अजून उभा आहे, १८९९ चा. ३२३ फूट लांब, ६० फूट उंच. हायवेवरून जाता जाता दिसतो, गाडी थांबवायला जागा आहे.

आत्या: पण हॉटेल तेव्हाचंच आहे का? लाकडी असेल तर मला नको बाई, आगीची भीती.

वहिनी: पहिलं जळालंच, आत्या, १९०९ मध्ये. आताचं १९११ चं, वर तांब्याचा मनोरा आहे. मनोऱ्यातून खाली व्हाइट सँड्स दिसतं, जिप्समच्या पांढऱ्या वाळूच्या टेकड्या. तेही दुसऱ्या दिवशी उतरताना करू. पण एक सांगून ठेवते, तिथं भूत आहे 🙈

आई: अगं!

वहिनी: रेबेका नावाची लाल केसांची मोलकरीण. हॉटेलात काम करायची. तिचा प्रियकर लाकूडतोड्या, त्यानं तिला दुसऱ्याबरोबर पाहिलं आणि मग ती गायब. म्हणे! हॉटेलच्या रेस्टॉरंटलाही तिचंच नाव दिलं होतं.

मी: म्हणजे भुताचा पगार वाचतो, जाहिरात फुकट.

बाबा: मला यात एकच गोष्ट खटकते. ज्यांनी स्लीपर कापले त्यांच्यातला एकच माणूस पाहुण्यांच्या लक्षात राहतो, तोही खुनी म्हणून.

दादा: बाबा, गावात त्या डोंगरांचं म्युझियम आहे, तिथं बाकीचे भेटतील. हॉटेलच्या लॉबीत मात्र मोठी नावंच. कॉनराड हिल्टननं १९३० च्या दशकात काही काळ हे चालवलं होतं. तोही न्यू मेक्सिकोचाच.

आत्या: हिल्टन म्हणजे ते हिल्टन? मग भाडं किती असेल! जाऊन येऊन करा की एका दिवसात.

वहिनी: आत्या, एका दिवसात घाईच होते. अलामोगोर्डोपासून रस्ता सव्वीसेक किलोमीटरमध्ये चार हजार फूट चढतो. आई-बाबांना दमायला होईल. शिवाय पूर्वी एल पासोची बायामाणसं लेकरं घेऊन उन्हाळाभर वर जाऊन राहायची. उन्हाळ्यात तान्ही बाळं दगावायची म्हणून क्लाउडक्रॉफ्टला खास बाळांचं सॅनटोरियम काढलं होतं. आपण एक रात्र तरी राहू या.

आई: बाळांचं सॅनटोरियम? रेल्वेनं नेत असतील ना त्यांना. बिचाऱ्या आया.

बाबा: गाडी बंद केव्हा झाली?

दादा: प्रवासी १९३८ मध्ये, मालगाडी १९४७ मध्ये. रस्ता झाला, ट्रक आले. मग रूळ काढून नेले.

बाबा: माथेरानची १९०७ पासून आहे. रूळ वाहून गेले, डबे घसरले, दोन-तीन वर्षं बंद पडली, तरी परत चालू केली. ही लाइन राहिली असती तर आज तिकिटाला रांग लागली असती. हॉटेल ठेवलं आणि गाडी मोडली, हा धंद्याच्या दृष्टीनंही आतबट्ट्याचाच व्यवहार.

दादा: पण बाबा, लाकडाची वाहतूक संपल्यावर नुसत्या सहलीवर पन्नास लाकडी पूल कोण सांभाळणार? एका पुलाच्या दुरुस्तीलाच हल्ली किती खटपट करावी लागली.

बाबा: तेही आहे. पण मला पटत नाही.

आई: भांडण आल्यावर करा. जुलैत पाऊस असतो का तिथं?

वहिनी: हो, जुलैत त्यांचा मान्सून सुरू होतो, दुपारी गडगडाटासह सर येते. म्हणूनच मी जून टाळला. पावसाआधी जंगल वाळलेलं असतं, वणव्याच्या भीतीनं कधीकधी फिरायच्या वाटा बंद करतात. आपण पूल आणि पायवाट सकाळी उरकू, दुपारी हॉटेलात.

आत्या: आणि शाकाहारी?

वहिनी: मेक्सिकन जेवणात बीन्स, भात, मिरच्या असतातच. चरबीत केलेलं नाही ना, एवढं विचारून घेऊ. मी दशम्या आणि चटणी बरोबर घेईन.

बाबा: बुक कर. डॉक्टरांना उंचीचं विचारून उद्या सांगतो. ते नको म्हणाले तर राहायचं अलामोगोर्डोला, पण पूल बघायचाच. खोली खालच्या मजल्यावर माग, गुडघा आहे.

वहिनी: हो बाबा. डॉक्टरांचं कळलं की लगेच करते.