विषय: आईच्या घरातला गळका शॉवर (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

आई जुळे सोलापुरात एकटी असते. काल फोनवर म्हणाली, "शॉवर रात्रभर गळायलाय गं, खाली बादली लावून ठेवलीय." बोलावलेला प्लंबर म्हणतो, टाइल्स फोडून भिंतीतला कॉक बदलावा लागेल. खरंच फोडायला लागतं का? नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे आईचा सगळा जीव त्या थेंबांत अडकलाय. शेजारचा मुलगा अशा कामात हुशार आहे, सांगेल ते नीट करेल. पण त्याला सांगायचं काय?

— मूळची सोलापूरची, सध्या मँचेस्टर

*

उत्तर: आईच्या घरातला गळका शॉवर

ताई,

टाइल्स फोडू देऊ नका. भिंतीतल्या कॉकची पितळी बॉडी सहसा वर्षानुवर्षं टिकते. खराब होतो तो आतला स्पिंडल, म्हणजे नॉबबरोबर फिरून पाणी उघडबंद करणारा दांडा, आणि तो नॉब काढून पुढूनच बाहेर येतो. सोलापुरात मी हार्डवेअरच्या दुकानातच आयुष्य काढलं. स्पिंडल बदलून भागलं असतं अशी कितीतरी न्हाणीघरं फोडलेली पाहिली, आणि नंतर जुन्या रंगाची टाइल शोधत फिरणारी माणसंही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी गळती खरी आहे का ते बघायचं. शॉवर बंद केल्यावर आर्ममध्ये (भिंतीतून शॉवरपर्यंत येणाऱ्या नळीत) आणि जाळीत राहिलेलं पाणी थोडा वेळ थेंबथेंब पडतं, मग थांबतं. तो बिघाड नव्हे. जाळीत बोअरच्या पाण्याचा क्षार साचला असेल तर ते जास्त वेळ चालतं. अशी जाळी काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात थोडा वेळ भिजवली आणि जुन्या ब्रशनं घासली की मोकळी होते. पण रात्री कोरडी बादली लावली आणि सकाळी त्यात चांगलंच पाणी दिसलं, तर गळती खरी. सेकंदाला एक थेंब आणि थेंब पाव मिलिलिटरचा धरला, तरी दिवसाला २१ लिटरच्या वर पाणी जातं. आईंचा जीव अडकतो तो उगीच नाही.

खरी गळती असेल तर शॉवर बदलून काहीही होणार नाही. पाणी अडवण्याचं काम शॉवर करतच नाही, ते खालचे कॉक करतात. कुठला कॉक सोडतोय, एवढंच शोधायचं आहे. त्या मुलाला सांगा: आधी गीझरचं बटण बंद कर, मग गीझरला पाणी जाणारा अँगल कॉक बंद कर आणि अर्धा तास थांब. गळणं थांबलं तर दोष गरम बाजूचा. तसंच चालू राहिलं तर थंड बाजूचा. वॉल मिक्सर, म्हणजे गरम-थंड पाणी एकत्र करणारा भिंतीवरचा नळ, असेल तर अजून एक बघायचं. खाली बादलीत पाणी सोडलेलं असतानाच वरून गळत असेल, तर डायव्हर्टर, म्हणजे पाणी खालच्या नळाला की वर शॉवरला हे ठरवणारा भाग, गेलाय. गीझरच्या बटणाचा क्रम मात्र चुकवू नका. पाणी बंद असताना गीझर चालू राहता कामा नये.

आता सोलापूरची खरी अडचण. स्पिंडल काढायचा तर गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. कित्येक घरांत तो वर्षानुवर्षं कोणी फिरवलेला नसतो. जाम झालेल्या व्हॉल्व्हवर जोर लावला आणि दांडा तुटला, तर भरलेली टाकी रिकामी होते आणि पुढचं पाणी यायला अजून काही दिवस असतात. म्हणून हे काम पाणी यायच्या आदल्या दिवशी काढा. टाकी तळाला आलेली असते, बिनसलंच तरी नुकसान थोडं. प्यायचं आणि स्वयंपाकाचं पाणी आधी भरून ठेवायला सांगा. आईंना गच्चीवर चढू देऊ नका.

व्हॉल्व्ह बंद झाला की खालचा नळ उघडून लाइन रिकामी करायची. मोरीच्या जाळीवर फडकं टाकायचं, नाहीतर नॉबचा स्क्रू हमखास आत जातो. नॉब, मग फ्लँज (नॉबमागची गोल चकती), मग पान्यानं स्पिंडल उलटा फिरवून काढायचा. नॉब बंद करायला बरेच वेढे फिरवावा लागत असेल तर आत रबरी वायसर आहे. नुसता वायसर बदलला तरी भागतं, फक्त तो ज्यावर दाबून बसतो ती बॉडीतली कड, म्हणजे सीट, बोटानं चाचपायची. खाच लागली तर नवा वायसरही टिकणार नाही. पाव किंवा अर्ध्या वेढ्यात बंद होत असेल तर आत सिरॅमिक डिस्क आहे, ती उघडत बसू नये, अख्खा स्पिंडल बदलावा. जुना स्पिंडल हातात घेऊनच दुकानात जायचं. लांबी, वरचे दाते आणि बंद व्हायची दिशा, तिन्ही जुळायला हवीत.

नवा बसवण्याआधी बॉडीच्या तोंडाशी बादली धरून टाकीचा व्हॉल्व्ह क्षणभर किंचित उघडायचा. पाणी खंडानं येतं तेव्हा लाइनमधला गाळ आणि बारीक वाळू टाकीपर्यंत पोचते, आणि तोच कण वायसर किंवा डिस्क कापतो. तो आत राहिला तर नवा स्पिंडलही तसाच जाईल.

आणखी एक, आईंना आवर्जून सांगा: गळतंय म्हणून नॉब जोरात आवळायचा नाही. त्यानं वायसर दबून चिरतो आणि सीटही खराब होते.

— मूळ सोलापूर, सध्या मुलाकडे टोरांटोला

*

उत्तर: आईच्या घरातला गळका शॉवर

काका, खूप आभार. त्या मुलानं व्हिडिओ कॉलवर सगळं तपासलं. दोष गरम बाजूचा निघाला. पण एक कोडं आहे. गीझर चालू असतानाच गळतं, बंद करून बराच वेळ झाला की थांबतं. मग स्पिंडल खराब म्हणायचा का?

*

उत्तर: आईच्या घरातला गळका शॉवर

ताई, हे विचारलंत ते फार बरं झालं.

पाणी तापलं की फुगतं. १५ लिटरचा गीझर २५ अंशांवरून ६० अंशांवर गेला की आतलं पाणी २०० मिलिलिटरच्या आसपास वाढतं. मागे टाकीकडे जायला वाट असेल तर ते तिकडे सरकतं. गीझरच्या तोंडाशी नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणारा) असेल तर ती वाट बंद, मग दाब वाढतो आणि जिथं पकड ढिली तिथून पाणी बाहेर पडतं. तुमच्याकडे तो गरम बाजूचा स्पिंडल आहे, म्हणजे तो बदलायचाच. पण तेवढ्यावर थांबू नका. दाब वाढला की आपोआप उघडणारा गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह क्षारानं जाम झालाय का, हे गीझरच्या माणसाकडून तपासून घ्या. आज शॉवरमधून दाब निघून जातोय. उद्या नवा स्पिंडल घट्ट बसला आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उघडलाच नाही, तर सगळा भार गीझरच्या टाकीवर येईल. त्या व्हॉल्व्हच्या नळीतून पाणी तापताना चार थेंब पडले तर पडू द्या, त्याचं तोंड कधीही बुजवायचं नाही. सोलापुरात बोअरचं पाणी वापरणाऱ्या सगळ्यांनीच हे बघावं.

*

उत्तर: आईच्या घरातला गळका शॉवर

काका, काम झालं. गरम बाजूला सिरॅमिक डिस्कचाच स्पिंडल होता, बदलला. टाइलला धक्का लागला नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह खरंच क्षारानं बसलेला होता, तोही नवा टाकला आणि त्याची नळी मोरीत सोडली. गच्चीवरचा व्हॉल्व्ह जाम होता, म्हणून तुम्ही सांगितल्याप्रमाणे टाकी तळाला जाईपर्यंत थांबलो आणि त्याच दिवशी तोही बदलून घेतला. कुठला व्हॉल्व्ह कशाचा, हे त्या मुलानं ऑइलपेंटनं भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलंय, आईला चष्म्याशिवाय वाचता येईल असं.