बाळंतिणीवरची थरारकादंबरी गटात वाचायची आहे, खरी-खोटी कशी पारखायची?

प्रश्न : वाचनालय_दारव्हा

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात 'ड' वर्गाचं वाचनालय आहे. तिथे अकरा जणींचा वाचनगट चालतो. त्यात दोन आशाताई आहेत, एक अंगणवाडीसेविका, बाकीच्या शेतीकाम करणाऱ्या. पुढच्या दोन महिन्यांसाठी नव्या आईवरची मानसशास्त्रीय थरारकादंबरी घ्यायचं ठरलं आहे. तीन-चार भाषांतरं समोर आहेत आणि साचा जवळपास एकच. नुकतीच बाळंत झालेली बाई, रात्ररात्र जागरण, बाळ बदललं आहे किंवा घरातलं कुणीतरी त्याच्या वाईटावर आहे असं तिला वाटतं, नवरा म्हणतो तुझ्या मनाचे खेळ, आणि शेवटच्या पन्नास पानांत सगळं उलटं.

विचारायचं ते असं. आजार खरा रंगवला आहे की नुसता भीतीसाठी वापरला आहे, हे साध्या वाचकानं कसं ओळखावं? दुसरं म्हणजे, परदेशातलं ते रिकामं दुमजली घर आमच्या बायांना पटेल का? आणि प्रत एकच मिळणार आहे, ती अकरा जणींत वाचायची कशी? कुठल्याही पुस्तकाचा शेवट फोडू नका, एवढी विनंती.

उत्तर : पानउलट

ताई, पेन्सिल घ्या आणि प्रत्येक प्रकरणाच्या वर बाळाचं वय लिहा. दिवसांत लिहा, महिन्यांत नको. अशा कादंबरीची निम्मी परीक्षा तिथेच होते.

बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी उगाच रडू येणं, चिडचिड, मन भरून येणं हे निम्म्याहून जास्त बायांना होतं आणि दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरतं. नैराश्य वेगळं. ते दर दहा बायांत एक-दोघींना येतं आणि हळूहळू चढतं, कधी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातही. तिसरा प्रकार म्हणजे बाळंतपणातलं वेड, डॉक्टर त्याला सायकोसिस म्हणतात. ते 1,000 बाळंतपणांमागे एक-दोघींनाच होतं, पण येतं झपाट्यानं, बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांतच. सकाळी बाई नीट बोलते, दुपारी भलतंच, संध्याकाळी पुन्हा नीट. हा चढउतार खऱ्या चित्रणाची खूण आहे. लेखकानं तिन्ही एकाच बाईत कालवून ठेवले असतील तर त्यानं अभ्यास केलेला नाही, असं समजा.

झोपेचं वर्णनही बारकाईनं पाहा. बाळ रडतं म्हणून जागी राहणारी बाई थकलेली असते, बाळ झोपलं की तीही कोसळते. आजारी बाईचं तसं नसतं. बाळ गाढ झोपलेलं, घर शांत, आणि तिला झोपेची गरजच वाटत नाही. अंगात जोर आल्यासारखं वाटतं, डोक्यात विचारांची रांग लागते. हा फरक ज्या लेखकाला माहीत आहे त्याच्या पुढच्या पानांवर विश्वास ठेवावा.

सगळ्यात मोठी चूक मात्र इथे होते: मनात येणारे भयंकर विचार आणि भ्रम यांची गल्लत. "बाळ हातून विहिरीत पडलं तर?" असं चित्र डोळ्यासमोर येणं पुष्कळ नव्या आयांना होतं. ती त्या विचाराला घाबरते, विहिरीकडे जायचं टाळते, सुरी लपवते, तिला स्वतःची शिसारी येते. अशी बाई बाळाला इजा करेल म्हणून नाही, तर तिला प्राणापलीकडे जपायचं असतं म्हणून ती घाबरलेली असते. भ्रमात असलेल्या बाईला तोच विचार बरोबर वाटतो, कुणीतरी हुकूम दिल्यासारखा. कादंबरी पहिलीला दुसरी म्हणून विकत असेल तर ती वाचणाऱ्या आयांचं नुकसान करते. हे माझं ठाम मत आहे.

आणखी एक खूण. सायकोसिस झालेली बाई सहा महिने थंड डोक्यानं कट रचू शकत नाही. विस्कळीतपणा हाच त्या आजाराचा गाभा. शेवटच्या उलथापालथीसाठी लेखकाला तिच्याकडून असा कट हवा असेल, तर आजार फक्त पडद्यासारखा लावला आहे. कथा सांगणारी बाई चुकली तर चालतं. तिला जे दिसलं ते तिनं सांगितलं आणि अर्थ चुकीचा लावला, एवढं वाचक मान्य करतो. पण तिला माहीत होतं आणि तिनं केवळ आपल्याला फसवायला ते दडवलं, ही चलाखी. शेवट कळल्यावर पहिली तीस पानं परत वाचा, लगेच दिसेल.

उत्तर : तुरीचं_शेत

रिकाम्या घराबद्दल लिहितो. आपल्या बायांना ते घर पटणार नाही, आणि त्यातच चर्चेचा खरा माल आहे.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सव्वा महिना बाजेवरच्या बाईला कुणी एकटं सोडत नाही. माय, आजी, शेजारची काकू, मालिशवाली, कुणी ना कुणी खोलीत असतंच. म्हणजे एकटेपणाची भीती नाही. भीती आहे ती सगळ्यांचं लक्ष असून कुणाचं ऐकणं नाही याची. त्या कादंबऱ्यांत वाचक दोनच गोष्टींत अडकतो: ती आजारी आहे, की तिचं खरं आहे. आपल्या गावात तिसरं उत्तर आधीच तयार असतं, "बाहेरचं झालं". ती म्हणते, "हे लेकरू माह्यं नाही", आणि डॉक्टरच्या आधी भगताचा पत्ता निघतो. जवळच्या माणसाच्या जागी हुबेहूब दुसरं कुणी आलं आहे, या भ्रमाला मानसोपचारात कापग्रा म्हणतात, 1923 साली फ्रान्समधल्या ज्या डॉक्टरनं तो मांडला त्याच्या नावावरून. गटात विचारा: हेच वाक्य आपल्या गावात कोण काय म्हणून ऐकेल?

वस्तूंचंही तसंच. उशाखाली विळा ठेवतात, लोखंडानं वाईट जवळ येत नाही म्हणून. वर पानउलट यांनी सुरी लपवणाऱ्या आईचं लिहिलं आहे. आता तिच्या उशाखाली घरच्यांनीच मायेनं विळा ठेवला आहे असं समजा. रात्री कूस बदलली की गोधडीतून मूठ मानेला लागते. ती तो काढून माळ्यावर टाकते, सकाळी आजी पुन्हा जागेवर ठेवते, न बोलता. दोघी बाळाला वाचवत आहेत. परदेशी लेखकाला असा प्रसंग सुचला नसता.

पाचवीची रात्रही धरा. सटवाई नशीब लिहायला येते म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, दिवा जागता ठेवतात. नेमके हेच दिवस मन हळवं होण्याचे, आणि आजार यायचा असेल तर तोही याच सुमाराला सुरू होतो. त्यात जागरण. ज्या बाईच्या घराण्यात किंवा स्वतःला आधी मनाचा मोठा आजार होता, तिला हे जागरण महागात पडू शकतं.

वेळेबद्दल: तिकडे भयाची वेळ रात्र असते. आपल्याकडे कापसाच्या वेचणीत दुपार. सकाळी नऊला बाया वावरात गेल्या की गल्लीत चिटपाखरू नसतं. डिसेंबर-जानेवारीत हरभऱ्या-गव्हाच्या ओलितासाठी कृषिपंपाची वीज रात्रीची आली की घरचा माणूसही रात्रभर बाहेर. आणि मे महिन्यात कूलर. त्याच्या घरघरीत बाळाचं रडणं ऐकू येत नाही, आणि बाळ झोपलेलं असताना त्याच घरघरीत रडणं ऐकू आल्याचा भास होतो. हा भास थकलेल्या कुठल्याही आईला होऊ शकतो, त्याला लगेच वेड म्हणू नये.

वाचनालय_दारव्हा

विळ्याचा प्रसंग गटात नक्की मांडते. एक अडचण उरलीच. गटात दोन महिन्यांची बाळंतीण आहे. तिला यातून वगळावं का?

उत्तर : सिस्टर_उपकेंद्र

वगळू नका ताई, पण तिला एकटीला बाजूला घेऊन शेवट आधीच सांगा. बाळाला काही होतं की नाही, एवढं कळलं की तिचं तिला ठरवता येतं. पुस्तक रात्री घरी न्यायला देऊ नका, दुपारी सगळ्यांत बसून ऐकू द्या. "तुला कधी असे विचार येतात का?" असं विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाहीत. उलट बोलल्यानं ओझं उतरतं.

आशाताईंना एक सांगा. घरभेटी दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी असतात. त्यांच्या भेटीच्या फॉर्ममध्ये आई असंबद्ध बोलते का, झटके येतात का, हा प्रश्न छापलेलाच आहे. घाईत त्यावर 'नाही' अशी खूण होऊन जाते. गटात तो फॉर्म आणा आणि कादंबरीतल्या बाईसाठी भरून बघा. कितव्या भेटीत खूण 'हो' झाली असती, यावर चांगली अर्धा तास चर्चा होईल.

दोन रात्री झोपच नाही, बोलणं तुटक, बाळ माझं नाही म्हणते, कुणाचे आवाज ऐकू येतात, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. तिला बाळासोबत एकटं ठेवायचं नाही. बांधायचं नाही, धुरी-चटके तर नाहीच. जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून आहे. 108 ला फोन करा, यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. नुसतं विचारायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक बाया पूर्ण बऱ्या होतात. पुढच्या बाळंतपणात मात्र धोका परत असतो, म्हणून दिवस राहिले की डॉक्टरला आधीच सांगायचं.

कादंबऱ्यांत हमखास सुटतं ते शरीर. खूप डोकं दुखतं, झटके येतात, ताप आहे आणि बाई बरळते, तर तो मनाचा आजार धरून बसू नका. बाळंतपणात मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, जंतुसंसर्ग असू शकतो, रक्तदाब वाढलेला असू शकतो. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची रीत अजून काही घरांत आहे. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं आणि गुठळीचा धोका वाढतो. मे महिन्यात तर हे फारच वाईट.

आणि आईला दाखल केलं की बाळ हिसकावून नेतात, हा प्रसंग वाचताना सांगा की आपल्याकडे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तीन वर्षांखालचं मूल सहसा आईपासून तोडायचं नसतं. आईकडून किंवा आजारामुळे बाळाला धोका आहे असं डॉक्टरांना वाटलं तरच तात्पुरतं वेगळं ठेवतात.

उत्तर : पानउलट

एका प्रतीचं राहिलं होतं. मोठ्यानं वाचा. सावकाश वाचलं तर तासाला साधारण 25 पानं होतात. 280 पानांचं पुस्तक आठ बैठकांत दीड-दीड तासात बसतं, म्हणजे आठवड्याला एक धरली तर तुमचे दोन महिने. वाचणारी दर बैठकीला बदला, कारण एकीच्याच आवाजात ऐकलं की बाया त्या आवाजावर विश्वास ठेवायला लागतात. सातवी बैठक उलथापालथीच्या अलीकडे थांबवा. त्या दिवशी प्रत्येकीनं चिठ्ठीवर लिहायचं: ती आजारी आहे, तिचं खरं आहे, की दोन्ही? चिठ्ठ्या डब्यात टाका, आठव्या बैठकीत उघडा.

भिंतीवर एक तक्ता लावा आणि त्यात बाळाचं वजन भरा. पुस्तकात आकडे नसतील तर आशाताईंकडून नमुन्याचे घ्या. जन्माला 2 किलो 600 ग्रॅम, तिसऱ्या दिवशी 2,450, चौदाव्या दिवशी 2,650, अठ्ठाविसाव्या दिवशी 3,050. पहिल्या दिवसांत थोडं उतरतं, दोन आठवड्यांत भरून येतं, मग रोज 25-30 ग्रॅम चढतं. कथेतली बाई म्हणते, लेकरू वाळत चाललं आहे. वजनाच्या झोळीतला काटा काय म्हणतो ते शेजारी लिहा. काटाही तेच म्हणत असेल, तर तिचं ऐकायला हवं होतं.