टोमॅटोची बगलफूट काढायची का नाही? मी तर बंद केलंय

सांगलीची परसबाग
मंडळी, भांडायला विषय आणलाय. विश्रामबागेत घरामागं छोटा तुकडा आहे, त्यात सहा टोमॅटो आणि भिंतीकडेला पेंटच्या 20 लिटरच्या बादल्यांत चार. गेल्या उन्हाळ्यात शेजारचे काका, जन्म द्राक्षबागेत गेलेला माणूस, रोज सकाळी चहाचा कप घेऊन कुंपणावरनं सांगायचे, "अगं ती बगलफूट काढ, झाड सगळं पाल्यातच चाललंय." मी भोळी, काढली. पान आणि खोडाच्या बेचक्यातनं जे जे फुटलं ते चिमटीनं खुडलं, वर पानंपण विरळ केली, एकच दांडा सुतळीनं बांबूला बांधला. दिसायला लई भारी, फोटो पण टाकलेले स्टेटसला. मग एप्रिल आला. फळं उघडी पडली आणि पश्चिमेच्या बाजूनं एकेकावर पांढरा चट्टा, आठवड्यात तो कागदासारखा पातळ, आतनं मऊ, वर काळी बुरशी. मोजून अठरा फळं फेकली. एक झाड जास्वंदीच्या मागं होतं म्हणून हात लावायचा राहून गेला, त्याची फळं पाल्यात झाकलेली, घरात खाल्ली ती तेवढीच.
तर माझं मत, आपल्या उन्हात पहिल्या घोसाच्या खालची फूट आणि पानं काढायची, बास. वरचं झाडाला ठरवू द्या. आणि खताचं म्हणाल तर शेणखत एकदा भरलं की झालं, दर आठवड्याला बुडात काहीतरी ओतलंच पाहिजे हे कुणी ठरवलं?

तासगावकर
ताई, काकांनी फूट काढ म्हणलं, पानं विरळ कर म्हणलं का? नाही ना. तुमच्याच लिखाणात आहे बघा "वर पानंपण विरळ केली". चट्टा पडला तो पानं काढल्यामुळं, आणि नाव काकांचं खराब. फूट वेगळी, पान वेगळं. घोसाच्या डोक्यावरची पानं म्हणजे फळाची छत्री, ती आमच्यात कुणी काढत नाही.
फूट बोटभर असतानाच काढायची, सकाळी, दोन बोटांत धरून बाजूला मोडायची, कट्‌कन निघते. हातभर वाढू दिली आणि मग ओढली तर खोडाची साल सोलून येते, तिथनं रोग शिरतो. एक-दोन दांड्यांवर झाड ठेवलं की फळ मोठं होतं, आठ-पंधरा दिवस लवकर पिकतं, वारं खेळतं, करपा (पानं करपवणारा बुरशीचा रोग) कमी. आणि खत नको म्हणणाऱ्यांना नमस्कार. बादलीतल्या मातीत असतं किती? रोज पाणी घालताय, सगळं खालच्या भोकातनं गच्चीवर.

अजिंक्यतारा गच्ची (सातारा)
तुम्ही दोघं वेगवेगळ्या झाडांबद्दल भांडताय असं वाटतंय. आधी जात कुठली ते सांगा की. पुसा रुबीसारखी वाढतच जाणारी असेल तर फूट काढण्यात अर्थ आहे, ती नाहीतर टाकीवर चढते. बुटक्या जातीचं झाड ठराविक उंचीला शेंड्यावरच घोस देतं आणि थांबतं, तिथं बगलफूट काढली म्हणजे पुढची फळंच काढली. मी पहिल्या वर्षी हेच केलं, व्हिडिओ बघून झाड सोलून काढलं, तीन घोस लागले आणि खेळ खलास. आता बेंगळुरूच्या आयआयएचआरचं (फळं-भाज्यांवर संशोधन करणारी सरकारी संस्था) अर्का रक्षक लावते, ते मधलं, अर्धवट वाढणारं. त्याचे दोन-तीन दांडे ठेवते, खालचं साफ करते आणि गप्प बसते.
अवांतर: साताऱ्यात आमचं दुखणं ऊन नाही, वारा. पाला जास्त ठेवला तर झाड बांबूसकट आडवं.

सांगलीची परसबाग
@तासगावकर दादा, पानांचं कबूल, चूक माझी. पण तुमच्या तासगावच्या द्राक्षाचं गणित टोमॅटोला लावू नका ना. तुमचा घड एप्रिलच्या छाटणीनंतर काडीतल्या डोळ्यात तयार होतो आणि ऑक्टोबरला छाटून तुम्ही तो बाहेर काढता, म्हणून तुमच्याकडं कात्रीला एवढा मान. टोमॅटोचं झाड चार-पाच महिन्यांचं पाहुणं, त्याची बगलफूट म्हणजे महिन्याभरात फुलणारी फांदी. ती काढली की फळ मोठं मिळतं हे खरं, पण एकूण कमी मिळतं. व्यापाऱ्याला साईज लागते, मला आमटीला टोमॅटो लागतो, लिंबाएवढा असला तरी चालतो.
@सातारा ताई, जात विचारू नका, नर्सरीवाला "गावरान आहे मॅडम" म्हणाला. दहा रुपयाला दोन.

मिरजेचे आजोबा
खतावर कोणीच नीट बोलेना. मी अंड्याची टरफलं वाळवून मिक्सरला फिरवतो, झाडाला दोन चमचे. तरी या वर्षी फळांच्या बुडाला काळा चपटा डाग येतोय, देठाच्या उलट बाजूला. कॅल्शियम कमी पडतंय म्हणतात म्हणून टरफलं दुप्पट केली, एका पोरानं सांगितलं म्हणून एप्सम सॉल्टपण घातलं. फरक शून्य. शिवाय सूनबाई मिक्सरवरनं बोलते ते वेगळंच.

तासगावकर
आजोबा, एप्सम सॉल्ट पहिलं बंद करा. ते मॅग्नेशियम, मुळाशी कॅल्शियमच्याच वाटेत आडवं येतं, डाग वाढेल उलट. कॅल्शियम नायट्रेट घ्या, लिटरला 1-2 ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा. आणि 0:52:34 खत (आकडे म्हणजे त्यातलं नत्र, स्फुरद, पालाश किती टक्के) देत असाल तर एका बादलीत दोन्ही कालवू नका, दूध फाटल्यासारखं पांढरं होतं आणि दोन्ही वाया.

सांगलीची परसबाग
थांबा थांबा, परत ओतायलाच लावताय. आजोबा, तुमची माती कुठली? नदीकाठची काळी असेल तर तिच्यात चुनखडी काय कमी आहे का? टरफल म्हणजे पण चुनाच, असल्या मातीत ते वर्षभर तसंच पडून राहतं. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं. दोन दिवस गावाला गेलात, माती भेगाळली, आल्यावर अपराधी वाटून दोन बादल्या ओतल्या, की त्या आठवड्यात धरलेल्या फळांना काळं बूड. माझ्याकडं बादल्यांतल्या झाडांनाच येतं, जमिनीतल्यांना नाही, माती तीच, फरक फक्त वाळण्याचा. उसाचं पाचट बोटभर जाड अंथरा बुडात आणि पाणी रोज थोडं, ठरल्या वेळेला.

मिरजेचे आजोबा
गावाला दोनदा गेलो होतो. कुणी सांगितलं तुम्हाला?

तासगावकर
मातीचं ताईंचं बरोबर आहे, माझ्याच रानाच्या रिपोर्टात चुनखडी जास्त म्हणून दरवर्षी येतं, मान्य. जमिनीत लावलंय त्यांनी आधी पाणी सुधारावं. पण बादलीत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असेल तर त्यात चुनखडी कुठनं येणार, तिथं द्यायलाच लागतं. आणि शेणखत एकदा भरलं की झालं, हे मला पटणार नाही. रोप लावल्यावर 19:19:19 लिटरला 2 ग्रॅम, फूल दिसलं की नत्र कमी करून 13:0:45 कडं वळायचं. बायका काय करतात, फुलं आली तरी युरियाची चिमूट टाकत राहतात, झाड हिरवंगार, माणसाएवढं, आणि फळं दोन.

अजिंक्यतारा गच्ची (सातारा)
"बायका काय करतात" 🙂 दादा, आमच्या सोसायटीत युरिया टाकणारे तिघंही बाप्येच आहेत.
बाकी नत्राचं म्हणणं बरोबर. मी माती भरताना तिसरा हिस्सा शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालते, फूल आल्यावर महिन्यातनं एकदा गांडूळखत, आणि तेवढ्यावर भागतं. मे महिन्यात फुलं गळायला लागली की लोक खताच्या दुकानाकडं पळतात, अहो दिवसा 35 च्या वर आणि रात्रीपण उकडत असेल तर परागकणच निकामी होतात, खत काय करणार त्याला. दुपारी शेडनेट ओढा आणि वाट बघा.

तासगावकर
बायकांचं मागं घेतो. पण एक सांगतो, हे कुणी बोलत नाही. तंबाखू मळलेल्या हातानं फूट काढू नका. मोझॅकचा व्हायरस तंबाखूतनं हाताला येतो आणि मोडलेल्या जागेतनं झाडात जातो, मग एकामागनं एक सगळी झाडं तुम्हीच लावून घेता, पानावर पिवळे-हिरवे ठिपके. आमच्याकडं गड्यांना साबणानं हात धुतल्याशिवाय टोमॅटोच्या सरीत पाय ठेवू देत नाही. त्यात मी पण आलो.

सांगलीची परसबाग
हा मुद्दा फूट न काढणाऱ्यांच्या खात्यात जमा करून घेते, जितकं कमी मोडाल तितक्या कमी जखमा 😄

तासगावकर
घ्या. पण पावसाळ्यात सांगलीची हवा आणि तुमचं ते जंगल, आतली पानं दिवसभर ओली, करपा आला की मग इथंच फोटो टाकून विचाराल काय फवारू. उन्हाळ्यात पाला ठेवा, मी पण एप्रिलमध्ये दोनाऐवजी तीन दांडे ठेवतो. जून लागला की मोकळं करा. आणि पुढच्या वेळी फळं मोजू नका, वजन करा. लिंबाएवढी साठ आणि माझी मुठीएवढी पंचवीस, मग बघू.

सांगलीची परसबाग
जूनचं मान्य, ते मी करतेच. वजनाचंही करू, या वर्षी जमिनीतल्या सहापैकी तीन तुमच्या पद्धतीनं, तीन माझ्या. काटा किराणावाल्याचा.
तोवर एक गंमत. पहिल्या घोसाखालची जी फूट मी काढते ना, त्यातल्या चार वीतभर लांब होत्या, टाकवेना म्हणून पाण्याच्या ग्लासात ठेवल्या खिडकीत, आठ दिवसांत पांढरी मुळं. आज काका चहा घेऊन आलेले, ग्लास बघितला, बराच वेळ काही बोलले नाहीत. जाताना म्हणाले, "त्यातल्या दोन दे, आमच्या संडासाच्या भिंतीला लावतो."