मदत हवी आहे: अमेरिकेत ऑनलाइन पोलीस सापळ्यातून झालेल्या शिक्षेवर फेडरल अपील कसं करायचं?

गोदाकाठ

ओळखीच्या एका कुटुंबासाठी विचारतो आहे. आईवडील नाशिकला, मुलगा न्यू जर्सीत एच-१बी वर. चॅट अ‍ॅपवर १४ वर्षांची मुलगी म्हणून बोलणारी व्यक्ती प्रत्यक्षात तपास अधिकारी होती. ठरलेल्या ठिकाणी तो गेला आणि तिथेच अटक झाली. फेडरल कोर्टात ज्युरीसमोर खटला चालला, कलम २४२२(बी) (अल्पवयीन व्यक्तीला लैंगिक कृत्यासाठी फूस लावणं) खाली दोषी ठरला. १२० महिने शिक्षा आणि पुढे १० वर्षं देखरेख. निकालपत्राची नोंद होऊन ५ दिवस झालेत.

१) अपिलाची मुदत किती, आणि घरच्यांनी आत्ता लगेच काय करायचं?
२) "खरी मुलगी नव्हतीच" आणि "पोलिसांनीच फूस लावली", हे मुद्दे अपिलात चालतात का?
३) व्हिसाचं काय होईल?

आरोप किती गंभीर आहे याची कुटुंबाला पूर्ण जाणीव आहे. त्यावर चर्चा नको, प्रक्रियेची माहिती हवी आहे.

---

कलम_परिच्छेद

आधी मुदत. फेडरल फौजदारी अपिलाची नोटीस १४ दिवसांत द्यावी लागते. दिवस मोजायचे ते लेखी निकालपत्र डॉकेटवर (कोर्टाच्या नोंदवहीत) नोंदलं गेलं त्या तारखेपासून, ज्युरीच्या निर्णयापासून नाही. तुमचे ९ उरलेत. स्टेट कोर्टाचे आकडे इथे लावू नका. न्यू जर्सी स्टेटमध्ये ४५ दिवस असतात, कॅलिफोर्नियात फेलनीला (गंभीर गुन्ह्याला) ६०, आणि ते ऐकून निवांत राहिल्यामुळे माणसं फेडरल मुदत चुकवतात. मुदत हुकल्यावर डिस्ट्रिक्ट कोर्ट जास्तीत जास्त ३० दिवस वाढवून देऊ शकतं, पण सबळ कारण दाखवावं लागतं. ती आशा धरून बसू नका.

नोटीस म्हणजे जेमतेम एक पान: कोण अपील करतंय, कोणत्या निकालाविरुद्ध, कोणत्या कोर्टात. कारणं लिहायची नाहीत. दाखल डिस्ट्रिक्ट कोर्टात करायची, फिलाडेल्फियातल्या थर्ड सर्किटमध्ये (न्यू जर्सीसाठीचं फेडरल अपील कोर्ट) नव्हे. वकील बदलायचा विचार असेल तर बदला, पण नोटीस जुन्या वकिलाकडून आधी जाऊ द्या. वकील फोन उचलत नसेल तर आरोपी स्वतः क्लर्कला सांगू शकतो. फौजदारी कार्यपद्धतीच्या नियम ३२(जे) प्रमाणे, आरोपीने मागणी केली की क्लर्कने त्याच्या वतीने नोटीस लगेच तयार करून दाखल करायची असते. मागणी आरोपीची हवी, आईवडिलांची चालत नाही. तो आत आहे, तर तुरुंगाच्या टपालात शेवटच्या दिवसापर्यंत टाकलेली नोटीस वेळेत धरतात. मात्र सोबत तारीख आणि टपाल हशील भरल्याचं सहीनिशी निवेदन हवं.

फी ६०५ डॉलर. सरकारी खर्चाने वकील मिळाला असेल तर ती लागत नाही, आणि असा वकील मिळायला नागरिकत्वाची अट नाही, फक्त ऐपत पाहतात. घर विकून खाजगी वकील करण्याआधी हे लक्षात घ्या. फेडरल डिफेंडर कार्यालयांतले अपिलाचे वकील हेच काम रोज करतात आणि पुष्कळदा महागड्या वकिलांपेक्षा सरस असतात.

नोटिशीनंतरच्या १४ दिवसांत ट्रान्स्क्रिप्टची (खटल्याच्या शब्दशः नोंदीची) ऑर्डर द्यायची. नेहमी चुकतं ते इथेच: फक्त साक्षींचे दिवस मागवले जातात. ज्युरी निवड, न्यायाधीशांच्या टेबलाशी हळू आवाजात झालेली बोलणी आणि ज्युरीला द्यायच्या सूचनांवरची चर्चा ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहून मागवा. अशा खटल्यात सर्वांत जिवंत मुद्दा बहुतेक वेळा त्या सूचनांच्या चर्चेत असतो. रेकॉर्ड दाखल झाल्यावर ब्रीफला (अपिलाच्या लेखी युक्तिवादाला) ४० दिवस आणि १३,००० शब्दांची मर्यादा. सरकारचं उत्तर ३० दिवसांत, त्यावर आपलं प्रत्युत्तर २१ दिवसांत. मुदती वाढतात, त्यामुळे निकालाला वर्षभर किंवा जास्तही लागू शकतं.

आणि घरच्यांना हे आजच समजावून सांगा: अपील म्हणजे खटला पुन्हा चालवणं नाही. नवा साक्षीदार नाही, नवा स्क्रीनशॉट नाही. खालच्या कोर्टाच्या कागदावर जे आलं, तेवढंच तीन न्यायाधीश वाचतात. वकिलाने त्या वेळी हरकत घेतली असेल तर एक कसोटी लागते. घेतली नसेल तर चूक ढळढळीत होती आणि तिने निकालावर परिणाम झाला, हे दाखवावं लागतं. ती फार कडक कसोटी आहे.

---

तिसरा_सर्किट

मुद्द्यांबद्दल.

"खरी मुलगी नव्हती" हे सोडून द्या. २४२२(बी) मध्ये प्रयत्नही गुन्हा आहे आणि समोर अधिकारी असला तरी प्रयत्न होतो, हे थर्ड सर्किटने २००६ मध्येच ठरवलं आहे. मुलांना शोधत फिरणारा माणूस खऱ्या मुलापर्यंत पोचायच्या आत पकडता यावा, यासाठीच कायदा असा वाचला जातो, आणि ते योग्यच आहे. ब्रीफच्या पहिल्या पानावर हा मुद्दा घातला तर पुढच्या चांगल्या मुद्द्यांची धार जाते.

एन्ट्रॅपमेंट, म्हणजे सरकारनेच गुन्ह्याला उद्युक्त केलं हा बचाव, खरा आहे पण अरुंद आहे. दोन गोष्टी लागतात: सरकारकडून प्रलोभन, आणि आरोपीच्या मनात आधीपासून तयारी नसणं. नुसती संधी दिली म्हणजे प्रलोभन झालं असं नाही. १९९२ च्या जेकबसन खटल्यात सरकारी खात्यांनी बनावट संस्थांच्या नावाने २६ महिने पत्रं पाठवली होती. सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी शिक्षा रद्द केली, कारण तयारी सरकारच्या संपर्काआधीची आहे हे सरकारने सिद्ध करायला हवं होतं. नवव्या सर्किटने २००० मध्ये पोलमन खटल्यात हेच ऑनलाइन संभाषणाला लावलं. तिथे आरोपी प्रौढ जोडीदार शोधत होता आणि मुलांचा विषय हळूहळू पुढे आणला तो सरकारी बाजूने.

म्हणून चॅटचा दाखल झालेला पुरावा ओळ न् ओळ वाचायचा. चार रकाने करा: वेळ, कोण, काय, कोणतं अ‍ॅप. मग खुणा करा: वय पहिल्यांदा कधी सांगितलं, त्यानंतर त्याचं पहिलं वाक्य काय, लैंगिक विषय कोणी काढला, तो मागे सरला का, आणि सरल्यावर त्याला परत कोणी ओढलं. "१४ची आहे" हे कळल्यावर पाच मिनिटांत त्यानेच भेटीची वेळ विचारली असेल, तर एन्ट्रॅपमेंट जवळपास संपलंच. तो तीनदा "नको, हे बरोबर नाही" म्हणाला आणि समोरून "मग मी दुसऱ्या कोणाला विचारते" असं आलं, तर बोलायला जागा आहे. काही लॉग यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) वेळेत असतात, न्यू जर्सीपेक्षा ४ किंवा ५ तास पुढे. दोन अ‍ॅपची संभाषणं एकत्र लावताना हा फरक काढला नाही तर क्रमच उलटा दिसतो.

पण अपिलात "ज्युरीने चुकीचं ठरवलं" हे जिंकणं फार अवघड, कारण पुरावा सरकारच्या बाजूने झुकवून वाचला जातो. बळ असतं ते "ज्युरीला सांगितलंच चुकीचं" यात. वकिलाने एन्ट्रॅपमेंटची सूचना मागितली होती का? पुरेसा पुरावा असताना ती नाकारली का? नाकारली असेल तर हाच तुमचा पहिला मुद्दा. १९८८ च्या मॅथ्यूज निकालानुसार, गुन्ह्याचा एखादा घटक नाकारणाऱ्या आरोपीलाही ही सूचना मिळू शकते. कलमाचा अर्थ ज्युरीला चुकीचा सांगितला म्हणून डीसी सर्किटने २०१४ मध्ये अशाच सापळ्यातली शिक्षा रद्द करून खटला परत पाठवला होता. प्रत्यक्ष पाऊल उचललं नाही, नुसत्या गप्पा होत्या, म्हणून सातव्या सर्किटने २००८ मध्ये एक शिक्षा रद्द केली. पण तुमच्या माहितीप्रमाणे हा भेटीच्या ठिकाणी गेला, त्यामुळे तो आधार मिळणार नाही.

शिक्षेच्या लांबीवर फार वेळ घालवू नका. १२० महिने ही या कलमाची किमान शिक्षाच आहे, न्यायाधीशाला त्याखाली जायला जवळपास वाव नसतो. देखरेखीच्या अटी मात्र नीट वाचा. संगणक आणि इंटरनेटवर सरसकट बंदी घातली असेल तर थर्ड सर्किटने २०१८ मध्ये याच कलमाच्या खटल्यात अशा अटी रद्द केल्या आहेत. त्याला पुढे काम करून पोट भरायचं असेल तर हा मुद्दा किरकोळ नाही.

---

गोदाकाठ

खूप आभार. सूचनांच्या चर्चेचं ट्रान्स्क्रिप्ट मागवायला सांगतो. वकिलाने दुसऱ्या अ‍ॅपवरची चॅट कोर्टात आणलीच नाही असं घरचे म्हणतात. ते अपिलात सांगता येईल?

---

कलम_परिच्छेद

आत्ता नाही. वकिलाच्या निष्काळजीपणाचा दावा रेकॉर्डबाहेरच्या गोष्टींवर उभा असतो, म्हणून तो कलम २२५५ च्या अर्जात करायचा असतो, त्याच डिस्ट्रिक्ट कोर्टात. मुदत १ वर्ष, निकाल अंतिम झाल्यापासून. सुप्रीम कोर्टात गेला नाहीत तर तिथे जायचे ९० दिवस संपले की वर्ष सुरू होतं. सुप्रीम कोर्टाच्या स्ट्रिकलंड निकालातल्या कसोटीप्रमाणे दोन गोष्टी दाखवायच्या: काम दर्जाहीन होतं, आणि ते नीट झालं असतं तर निकाल वेगळा लागण्याची वाजवी शक्यता होती. ती चॅट कोणत्या उपकरणावर आहे, वकिलाला कधी आणि कशी सांगितली होती, याची तारखांसह टिपणं आत्ताच काढून ठेवा. वर्षभराने आठवत नाही.

---

दुभाषी_एनजे

घरच्यांसाठी काही गोष्टी, कारण नुकसान इथे होतं.

तुरुंगातला साधा फोन रेकॉर्ड होतो. मराठीत बोललो म्हणजे कोणाला कळणार नाही, हा समज काढून टाका. भाषांतर करून घेतात. खटल्यातल्या घटनेबद्दल फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, पत्रात एक शब्दही नको. "बाळा, तू असं का केलंस" हा आईचा प्रश्नही नको, कारण त्याचं उत्तर फेरखटल्यात वापरलं जाऊ शकतं. जेवण, तब्येत, पुस्तकं यावर बोला.

त्याचा जुना लॅपटॉप किंवा फोन घरात असेल तर चालू करू नका, काही पुसू नका, कोणाला देऊ नका. थेट वकिलाला कळवा. पुरावा नष्ट करणं हा वेगळा फेडरल गुन्हा आहे, २० वर्षांपर्यंतचा. केसमध्ये मुलांच्या आक्षेपार्ह प्रतिमा असतील तर त्यांची प्रत वकिलालाही मिळत नाही, सरकारी ठिकाणीच पाहावी लागते. "सगळी फाइल नाशिकला पाठवा" असा आग्रह धरू नका.

व्हिसा: या कलमाखालच्या शिक्षेनंतर हद्दपारीची कारवाई जवळपास ठरलेली असते, ती बहुधा शिक्षा भोगून झाल्यावर. अपील चालू असताना शिक्षा इमिग्रेशनसाठी अंतिम धरायची का, यावर सगळ्या सर्किटांचं एकमत नाही. म्हणून इमिग्रेशनचा वकील आत्ताच वेगळा गाठा. २०१० च्या पडिला निकालाचा (वकिलाने हद्दपारीच्या धोक्याची कल्पना द्यायला हवी, असं सांगणारा) आधार गुन्हा कबूल केलेल्यांना जास्त लागू पडतो, हा ज्युरीचा खटला आहे.

भारतीय वाणिज्य दूतावास, न्यूयॉर्क इथे कळवून ठेवा. ते वकील देत नाहीत, पण भेट आणि तब्येतीची चौकशी करू शकतात. उरलेली शिक्षा भारतात भोगण्यासाठीच्या हस्तांतराचा मार्ग निकाल अंतिम झाल्यावरच खुला होतो, म्हणजे अपील संपल्याशिवाय तो अर्ज पुढे सरकत नाही.

---

गोदाकाठ

आज मुलाच्या वकिलाशी बोलणं झालं. नोटीस उद्या दाखल करतो म्हणाले. डॉकेट नंबर आला की शिक्का मारलेली प्रत मागू का?

---

कलम_परिच्छेद

हो, मागाच. उद्या संध्याकाळपर्यंत आली नाही तर परवा सकाळी मुलाने क्लर्कच्या नावे स्वतःची मागणी टपालात टाकावी. दोन नोटिसा गेल्या तरी काही बिघडत नाही.