कुकरच्या रिंगवर ट्रेडमार्कची तक्रार, लिस्टिंग बंद. उत्तर काय द्यावं? (इंदूर)

रामबागची_सून
नमस्कार मंडळी. मी इंदूरहून कुकरच्या रबरी रिंगा, शिट्ट्या, सेफ्टी वॉल्व्ह, मिक्सरचे कपलर असं सामान एका मोठ्या साईटवर विकते. माल बर्तन बाजारातल्या ठोक व्यापाऱ्याकडून, पक्क्या बिलावर घेते. परवा सगळ्यात जास्त खपणारी ५ लिटरची रिंग अचानक बंद झाली. मेलमध्ये 'ट्रेडमार्क उल्लंघन' एवढंच कारण, एक तक्रार क्रमांक आणि तक्रारदाराचा ईमेल. माझ्या शीर्षकात कुकर कंपनीचं नाव आहे, पण ते नसेल तर रिंग कुठल्या कुकरला बसते हे गिऱ्हाइकाला कळणार कसं? दिवाळीचा माल भरून ठेवलाय. मिस्टर म्हणतात, सरळ वकील करू. कुणी यातून गेलंय का? वकील करायचाच तर कसा निवडावा तेही सांगा.

जेलरोड_कव्हरवाला
ताई, वकिलाचं नंतर बघू. आधी तक्रार कोणत्या जातीची आहे ते ओळखा. 'माल नकली आहे' ही एक, आणि 'आमचं नाव वापरलंय' ही दुसरी. पहिलीला उत्तर म्हणजे बिलं: पुरवठादाराचं नाव, जीएसटी नंबर, तारीख, नग, सगळं स्वच्छ दिसणारी. दुसरीला बिलांचा फारसा उपयोग नाही. तुमच्या बिलावर 'रबर रिंग ५ लि.' एवढंच असणार, त्यावरून नाव वापरायचा हक्क सिद्ध होत नाही. लोक घाबरून साईटला बिलांवर बिलं पाठवतात आणि तेच छापील उत्तर परत येतं.

तुमची दुसरी जात आहे. शीर्षक जसंच्या तसं इथे टाका, कंपनीच्या जागी 'अमुक' लिहा. ब्रँडच्या रकान्यात काय आहे तेही सांगा.

रामबागची_सून
शीर्षक: 'अमुक कुकर रिंग ५ लिटर ओरिजिनल फिटिंग'. ब्रँडच्या रकान्यात अमुक. फोटोत रिंग झाकणात बसवलेली आहे, झाकणावरचं चिन्ह दिसतं.

जेलरोड_कव्हरवाला
मग तक्रार का आली ते उघड आहे. हे वाचणाऱ्याला रिंग अमुकचीच वाटणार. असं करा: '५ लिटर, आतल्या झाकणाच्या कुकरसाठी रबर रिंग, अमुकच्या कुकरला बसणारी'. नाव शेवटी, 'ला बसणारी' सकट. 'ओरिजिनल' शब्द काढाच. ब्रँडमध्ये स्वतःचं नाव किंवा जेनेरिक, म्हणजे बिनब्रँडचा माल. फोटो पांढऱ्या कागदावर, शेजारी फूटपट्टी ठेवून, आतला-बाहेरचा व्यास दिसेल असा. चुकीच्या मापाच्या रिंगा परत येणंही कमी होईल.

सुदामानगर१२
वहिनींच्या किंवा सासऱ्यांच्या नावाने दुसरं खातं उघडा आणि तोच माल टाका. एवढी झंझट कशाला?

एमजीरोड_वकील
कृपा करून हे करू नका. बँक खातं, फोन, पत्ता, जीएसटी यावरून साईट दोन खाती जोडते आणि मग एका रिंगेपायी दोन्ही जातात.

ताई, कायदा तुमच्या बाजूने आहे, पण अटीवर. ट्रेडमार्क कायदा १९९९, कलम ३०(२)(घ): सुटा भाग किंवा जोड-सामान कोणत्या वस्तूला बसतं हे सांगण्यासाठी दुसऱ्याचं नाव वापरणं गरजेचं असेल, तर ते उल्लंघन नाही. अट ही की माल त्या कंपनीचा आहे किंवा कंपनीशी तुमचा संबंध आहे, असा खोटा समज होता कामा नये. तुमचं जुनं शीर्षक या अटीत बसत नव्हतं, कव्हरवाल्या दादांनी सुचवलेलं बसतं. म्हणून दुरुस्ती आधी, युक्तिवाद मागून.

साईट स्वतः न्यायनिवाडा करणार नाही हे धरून चाला. विक्रेत्याच्या चुकीची जबाबदारी साईटवर येऊ नये, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चं संरक्षण टिकवायचं तर तक्रार येताच माल उतरवणं तिला सोपं पडतं. लिस्टिंग परत येण्याचा जवळचा रस्ता म्हणजे तक्रारदाराने तक्रार मागे घेणं.

त्याआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साईटवर मोफत पब्लिक सर्च करा. नाव कोणाचं, कोणत्या वर्गात (म्हणजे मालाच्या कोणत्या प्रकारात), नोंदलेलं आहे की नुसता अर्ज पडून आहे, ते पाहा. मालकाचं नाव आणि तक्रारीतला ईमेल जुळत नसेल तर 'आपण कोणाच्या वतीने लिहीत आहात?' असं नम्रपणे विचारा. कंपन्या हे काम एजन्सींना देतात, त्यामुळे न जुळणं म्हणजे फसवणूकच असं नाही.

मेल छोटा ठेवा. असा:
'आपली तक्रार (क्रमांक ...) मिळाली. आम्ही आपल्या कुकरला बसणारी, दुसऱ्या उत्पादकाची रिंग विकतो. शीर्षक, ब्रँडचा रकाना आणि फोटो बदलण्याची तयारी आहे, नवा मजकूर सोबत जोडला आहे. तो मान्य असल्यास ज्या ईमेलवरून तक्रार केली त्याच ईमेलवरून साईटला ती मागे घेतल्याचं कळवावं.'
'आम्ही उल्लंघन केलं' असं कुठेही लिहू नका आणि भांडूही नका. उद्या कुणी बिनबुडाच्या धमक्या देऊन पैसे मागितले तर ट्रेडमार्क कायद्याचं कलम १४२ आहे, पण ते आज काढायचं नाही.

वकील निवडताना एकच विचारा: अशी तक्रार मागे घ्यायला लावणारी पत्रं तुम्ही लिहिली आहेत का? मध्य प्रदेशचं काम मुंबईच्या रजिस्ट्रीत येतं, पण अर्ज ऑनलाइन होतात, तेव्हा 'मुंबईच्या फेऱ्या' म्हणून कुणी पैसे सांगितले तर सावध राहा.

बडोदेकर_भांडीवाला
यात एक जोडतो. खुद्द कंपनीचीच रिंग तिच्या वितरकाकडून घेऊन विकत असाल तर कलम ३०(३) लागतं, रीतसर घेतलेला अस्सल माल पुढे विकता येतो. मात्र पाकीट फोडून आपल्या पिशवीत भरू नका. मालाची स्थिती बदलली तर ३०(४) खाली मालक हरकत घेऊ शकतो. आणि ताई, एवढा धंदा आहे तर स्वतःचं नाव नोंदवून टाका. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, नोंदणी १० वर्षं टिकते.

रामबागची_सून
सगळ्यांचे मनापासून आभार. मेल आजच पाठवते. एक शंका: खातं आणि जीएसटी माझ्या नावावर, पण ठोकवाला बिल मिस्टरांच्या दुकानाच्या नावाने फाडतो. चालेल का?

जेलरोड_कव्हरवाला
या तक्रारीत अडणार नाही, पण 'नकली'ची तक्रार आली की नक्की अडेल. पुढच्या खरेदीपासून बिल तुमच्या नावाने आणि तुमच्या जीएसटी नंबरवर घ्या. शिल्लक माल मिस्टरांच्या फर्मकडून तुमच्या नावे रीतसर बिल करून घ्या आणि दोन्ही बिलं एकत्र ठेवा.