मदत हवी आहे : १० मीटर इनडोअर शूटिंग रेंजसाठी जागा आणि ती टिकवण्याचा मार्ग

आमची एअर रायफल व एअर पिस्तूलची छोटी रेंज भाडे न परवडल्याने बंद होण्याच्या बेतात आहे. नवी जागा शोधताना बहुतेक जागामालक ‘बंदूक’ हा शब्द ऐकताच बोलणे आवरते घेतात, ४.५ मिलिमीटरचा छर्रा दाबलेल्या हवेवर सुटतो, दारूवर नव्हे, हे सांगण्याची संधीही मिळत नाही. जागा मिळालीच तर लांबी कमी पडते, कारण १० मीटर हे केवळ फायरिंग लाइनपासून टार्गेटपर्यंतचे अंतर असून नेमबाजांना आणि छर्रे अडवणाऱ्या पेट्यांना त्याशिवाय जागा लागते. रायफलच्या टार्गेटवरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असल्याने प्रकाशातही तडजोड चालत नाही.

माझ्या मते खरी अडचण खर्च भागवण्याची आहे, कारण एका लेनवर एका वेळी एकच जण सराव करू शकतो आणि भाडे मात्र रिकाम्या लेनचेही द्यावे लागते.

शाळेच्या किंवा व्यायामशाळेच्या सभागृहात सरावापुरती मांडून नंतर आवरून ठेवता येणारी रेंज कोणी चालवली आहे का? असल्यास रायफली कुलूपबंद ठेवण्याची, शिशाचे कण पुसून काढण्याची आणि विम्याची व्यवस्था कशी केली, तसेच शुल्क मासिक ठेवले की तासाप्रमाणे, हे कृपया सविस्तर कळवावे.