कॉनरॅडचा राझुमॉव कबुली देतो ती कशाच्या बळावर?

सांजवाचक
जोसेफ कॉनरॅडची 'अंडर वेस्टर्न आइज' (1911) वाचनगटात घ्यायची आहे. मंत्र्याचा खून करून आश्रयाला आलेल्या हाल्डिनला विद्यार्थी राझुमॉव पकडून देतो आणि पुढे सरकारी हेर म्हणून जिनिव्हातल्या रशियन निर्वासितांत वावरतो. झिमियानिच या स्लेजवाल्यानं गळफास घेतल्यावर फितुरीचा आळ त्या मेलेल्या माणसावर जातो, राझुमॉव निर्धास्त होतो आणि नेमका तेव्हाच सगळं कबूल करतो. झारवरचा भरवसा उडालेला, क्रांतीवर तो कधी नव्हताच. मग हे बळ कुठलं? शिवाय बरेच जण दुसऱ्या भागातच पुस्तक मिटतात, त्यावर काय करावं?

देशांतर
आधी दुसऱ्या भागाचं बोलतो. यातला काळ सरळ चालत नाही. पहिला भाग तुटतो तो मिकुलिन या सरकारी अधिकाऱ्याच्या एका प्रश्नावर: राझुमॉव म्हणतो मी जातो, मिकुलिन विचारतो, कुठे? त्यानंतर एकदम जिनिव्हा. मिकुलिननं त्याला कसं कामाला लावलं ते चौथ्या भागाच्या सुरुवातीला कळतं. त्यामुळे पहिला भाग एका बैठकीत संपवा, दुसरा आणि तिसरा जोडून घ्या आणि तो हेर आहे हे गटाला आधी सांगू नका. ते माहीत असलं की शातो बोरेलमधले, म्हणजे जिनिव्हातल्या क्रांतिकारकांच्या अड्ड्यातले प्रसंग नुसती लपाछपी वाटतात.

निवेदक इंग्रजीचा म्हातारा शिक्षक आहे. "आम्हा पाश्चात्त्यांना हे कळायचं नाही" हे त्याचं पालुपद कॉनरॅडचं मत समजू नका. कॉनरॅडच्या वडिलांना झारशाहीनं 1862 मध्ये वोलोग्दाला हद्दपार केलं तेव्हा हा चार वर्षांचा पोर सोबत होता. 1865 मध्ये आई गेली. एवढं जवळचं दुःख लिहायचं, म्हणून तो परका निवेदक मध्ये उभा केलाय, असं मला वाटतं.

पाणवठा
आता कबुली. पहिल्या भागातली बर्फातली रात्र सावकाश वाचा. हाल्डिनला पळवून न्यायचं तो झिमियानिच दारू पिऊन पडलेला, राझुमॉव त्याला बडवून बाहेर पडतो आणि एकाधिकारशाही हाच रशियाचा उद्धार असं त्याला वाटू लागतं. तिथे कॉनरॅड ईश्वरी कृपेच्या स्पर्शाची भाषा वापरतो. लगेच वाटेत हाल्डिन आडवा पडलेला दिसतो. राझुमॉव त्या भासाच्या छातीवरून चालत जातो, वळून पाहतो तर बर्फात फक्त स्वतःची पावलं. म्हणजे श्रद्धा आधी येते आणि दगा तिच्याच नावानं होतो. खरा भ्रमनिरास इथून सुरू होतो.

त्याला मोडतो तो हाल्डिनची बहीण नताल्या हिचा विश्वास. हाल्डिननं तिला पत्रात राझुमॉवविषयी निष्कलंक, एकाकी माणूस असं लिहिलेलं, आणि ती त्यातला शब्द न् शब्द खरा मानते. तिला फसवून तिचा आत्माच चोरायचा बेतही त्यानं केलेला असतो. तिच्यापुढे कबुली देऊन तो पावसात चिंब होऊन घरी येतो आणि म्हणतो, मी धुऊन निघालो. मग मध्यरात्री, हाल्डिन निघाला त्याच ठोक्याला, क्रांतिकारकांसमोर जातो. हाल्डिनचा घात करताना मी स्वतःचाच घात केला, हे त्याच्या रोजनिशीत आहे. क्षमा तो कुणाकडेही मागत नाही. म्हणून निव्वळ पश्चात्ताप म्हटलं तर कमी पडतं.

देशांतर
सहमत, पण तेक्लाला विसरू नका. क्रांतिकारकांचा पुढारी पीटर इव्हानोविच स्त्रीमुक्तीचे ग्रंथ सांगतो आणि ती लिहून घेते, तेव्हा तिला हलायचीही मुभा नसते. कानाचे पडदे फोडलेल्या, ट्रामखाली आलेल्या राझुमॉवची शुश्रूषा हीच करते. नताल्या रशियात परतून तुरुंगांतल्या लोकांसाठी राबते. पुढाऱ्यांवरचा विश्वास कॉनरॅड पार धुळीला मिळवतो, या दोघींच्या कष्टांना मात्र हात लावत नाही.

राझुमॉवचे कान फोडणारा क्रांतिकारक निकिता स्वतःच पोलिसांचा हस्तक निघतो. हा प्रसंग अतिरंजित वाटला तर येव्नो अझेफचं प्रकरण वाचा. क्रांतिकारकांच्या लढाऊ संघटनेचा प्रमुखच पोलिसांचा माणूस असल्याचं उघड झालं, तेव्हा ही कादंबरी लिहून व्हायची होती. सेनापती बापट पॅरिसमधल्या रशियन निर्वासितांकडून बॉम्बची विद्या शिकले तेही याच सुमारास.

सांजवाचक
मग शेवटी सोफिया अंतोनोव्हना ही क्रांतिकारक बाई पीटर इव्हानोविचला प्रेरणा लाभलेला माणूस म्हणते, ते कसं घ्यायचं?

पाणवठा
जसंच्या तसं. निकिताचं खरं रूप तिला कळलंय, राझुमॉवला ती भेटून आलीय आणि तरीही ती हे मनापासून म्हणते. गटात चर्चा इथूनच सुरू करा.